विंडोजमधल्या ‘ऱ’ची कुळकथा

खानदेशात, पारोळ्याकडे, अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना?’ असं विचारतात. चालू क्रियापद आलं की त्यात हा ‘ऱ्ह’ असतोच. तहसील कचेरीत द्यायच्या मराठी अर्जातही त्यातला ‘ऱ’ सुटत नाही: शेतकऱ्याचं म्हणणं, अधिकाऱ्यांस विनंती, शेजाऱ्याशी बांधाचा वाद. विंडोजची नवी आवृत्ती येणार म्हटलं की वर्तमानपत्रं नव्या रंगरूपाबद्दल, वेगाबद्दल लिहितात. मला मात्र तिची परीक्षा या अक्षरावर घ्यावीशी वाटते, कारण त्याला संगणकात जागा मिळायला दोन दशकं लागली.

सुरुवात आयआयटी कानपूरमध्ये, 1980 च्या दशकात झाली. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जिस्ट तंत्र घडवलं आणि ते पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं. संगणकात जिस्टचं कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. त्याच प्रवाहातून 1991 मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरलं. भारतीय लिप्यांसाठी त्यात एकच सामाईक तक्ता होता आणि दक्षिणेकडच्या भाषांतल्या कठोर ‘र’साठी ‘ऱ’ची वेगळी जागा होती. जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या 1988 च्या रूपावरूनच बेतला, म्हणून ‘ऱ’ही तिथे गेला. पुढे त्याला हलन्त जोडला की मराठीचा अर्धा ‘र’ मिळेल, असा नियम झाला. द्रविड उच्चारासाठी राखलेल्या जागेवर आपलं ‘वऱ्हाड’ आणि ‘बऱ्हाणपूर’ असं उभं राहिलं.

पण तक्त्यात नाव लागलं म्हणजे पडद्यावर अक्षर आलं असं नव्हे. विंडोज आलं तेव्हा कार्डाचं काम सरलं आणि फॉन्टांचा काळ सुरू झाला. आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांच्यावर मराठी छपाई वर्षानुवर्षं चालली. त्यांचं ऋण मोठं आहे. मात्र संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, वर मराठी आकारांचा मुखवटा. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा ‘र’ वेगळा, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. जळगावला टाइप केलेला दस्त पारोळ्यात उघडला आणि तो फॉन्ट तिथे नसला, तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं दिसायची. नाव शोधता येत नसे, यादी अकारविल्हे लावता येत नसे.

बदल घडला तो विंडोज 2000 मध्ये. तिच्यात युनिस्क्राइब नावाचा भाग होता. ओळीत आलेली अक्षरं पाहून ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, जोडाक्षर जुळवायचं, ही कामं तो करतो. सोबत मंगल हा फॉन्ट होता, सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला. भाषांच्या यादीत हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ आल्या. भारतीय लिप्यांच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर जे, मग डी, मग यू दाबलं की ‘र्ह’ येतो, रफार ‘ह’च्या डोक्यावर. तेच जे शिफ्टसह दाबलं की ‘ऱ्ह’. एका शिफ्टचा फरक, पण ‘ऱ्हायना’ त्याच्यावरच उभं आहे.

2001 च्या विंडोज एक्सपीत ही सोय होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या पानावर जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करायची; मग मशीन मूळ सीडी मागायचं, फाइली उतरवून घ्यायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. सीडी हाताशी नसली की काम तिथेच अडकायचं. मशीनमध्ये मराठी आहे हेच कित्येकांना कळलं नाही आणि जुने फॉन्ट चालूच राहिले, ते यामुळेही. 2007 च्या व्हिस्टापासून खूण आणि सीडी दोन्ही सुटली.

पुढची भर सावकाश पडली. ‘बॅट’मधला चंद्र सुटा ‘अ’वर देणारा ‘ॲ’ युनिकोडमध्ये 2008 मध्ये आला, आणि 2010 मध्ये ठरलेलं ₹ चिन्ह विंडोज 7 ला नंतरच्या अपडेटमधून मिळालं. 2019 च्या मे महिन्यातल्या विंडोज 10 च्या सुधारणेने मराठीला उच्चारानुसारी कळफलक दिला. इनस्क्रिप्ट न शिकलेल्यांसाठी ती मोठीच सोय झाली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. आता विंडोज 11 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता काय काय करील, याची चर्चा आहे. खानदेशातून माझी मागणी साधी आहे. अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘एएचआर’ असा संकेत आहे. लिपी देवनागरी, कळफलक मराठीचाच चालतो आणि ‘ऱ्ह’ आता बिनचूक उमटतो. तरी मराठीचं शुद्धलेखन तपासायला लावून अहिराणी गोष्ट लिहिली, तर ओळीमागून ओळ लाल रेघांनी भरते. विंडोजच्या भाषांच्या यादीत अहिराणीची एक ओळ आणि तिच्यामागे चांगला शब्दसंग्रह, एवढं पुढच्या आवृत्तीत यायला हवं.