विहिरीचा काठ आणि विहिरीचा तळ



ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस आकाशातले तारे बघत चालला होता आणि चालता चालता विहिरीत पडला, ही गोष्ट प्लेटोने सांगून ठेवली आहे. एक दासी त्याला हसली. सगळ्या सृष्टीचं मूळ पाणी आहे असं सांगणारा हा माणूस, आणि त्याला पायाखालची विहीर दिसली नाही! आम्ही ही गोष्ट वर्गात कितीतरी वर्षं सांगितली. मुलं हसायची, आम्हीही हसायचो. त्याच विहिरीत आम्हीही पडलेले होतो, हे मात्र निवृत्तीनंतर कळलं. आजचं व्याख्यान त्या कळण्याबद्दल आहे.

आमचं गाव माण-खटावच्या बाजूचं. गावाचं नाव घेत नाही, कारण अशी गावं सातारा आणि सांगलीच्या पूर्व भागात शेकड्याने आहेत. ओढ्याकाठी गावाची पिण्याच्या पाण्याची जुनी विहीर आहे, ग्रामपंचायतीच्या दप्तरी तिची नोंद आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या बंधूंनी रानात बोअर मारलं. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, २८० फुटांवर पाणी लागलं, आम्ही स्वतः पेढे वाटले. पुढच्या तीन-चार वर्षांत गावविहिरीचा तळ मार्चमध्येच दिसायला लागला आणि टँकर सुरू झाला. आमच्या डाळिंबाला पाणी होतं आणि गावातल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. त्या काळात आम्ही कॉलेजात न्यायाची संकल्पना शिकवत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं आमच्या मनात एकदाही आलं नाही.

निवृत्तीनंतर एका भूवैज्ञानिकाशी गप्पा मारताना त्यांनी सहज विचारलं, "तुमचं बोअर गावविहिरीपासून किती लांब आहे हो?" आम्ही गावी जाऊन पावलं मोजली. चारशे दहा भरली. म्हणजे फार तर तीनशे मीटर. आणि १९९३ पासून महाराष्ट्रात कायदा होता, की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येणार नाही. आम्ही कायदा मोडला होता आणि पेढे वाटले होते.

आता प्रश्न असा, की हा कायदा आम्हाला माहीत कसा नव्हता? आणि त्याहून मोठा प्रश्न, की असा कायदा व्हायला १९९३ साल का उजाडावं लागलं? विहिरी तर आपल्याकडे शेकडो वर्षांच्या आहेत.

याचं उत्तर शोधताना आम्हाला असं दिसलं, की 'ही विहीर कोणाची' या प्रश्नाचे आपल्याकडे दोन वेगवेगळे इतिहास आहेत. एक विहिरीच्या काठाचा आणि दुसरा तिच्या तळाचा.

काठाचा इतिहास आपल्याला माहीत आहे, निदान असायला हवा. १९०१ च्या सुमारास साताऱ्यात राहणारा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा भावंडांबरोबर रेल्वेने मसूरला उतरला आणि तिथून बैलगाडीने वडिलांकडे गोरेगावला निघाला. वडील तिथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. वाटेत रात्र झाली. जवळ शिदोरी होती, पण मुलं अस्पृश्य, म्हणून पाणी मिळालं नाही आणि ती उपाशी झोपली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे त्यांनी ही हकिगत स्वतः लिहिली आहे. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे आणि विहिरी अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १८६८ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद खुला केला होता. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातलंच.

या लढ्याने 'सार्वजनिक' या शब्दाला अर्थ दिला. काठावर कोणीही यावं, पोहरा सोडावा. पण श्रोतेहो, खाली पाणीच नसेल तर काठ खुला असून उपयोग काय?

म्हणून तळाचा इतिहास बघू. मोटेच्या काळात या प्रश्नाची धग कमी होती. लिंबची बारा मोटेची विहीर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. साताऱ्याजवळची ही विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. एका वेळी बारा मोटा चालतील अशी तिची रचना. पण बारा मोटा झाल्या तरी त्या ओढणार कोण? बैल. बैल दमतो, त्याला वैरण लागते, संध्याकाळी त्याला सोडावं लागतं. रात्रभरात झरे विहीर पुन्हा भरतात. उपशावरचा नियम दप्तरात नव्हता, बैलाच्या खांद्यावर होता.

नेमक्या त्याच काळात कायदा मात्र भलतीकडे गेला. १८४३ साली इंग्लंडमध्ये एक खटला झाला. लँकेशायरमध्ये एका सूतगिरणीवाल्याची विहीर होती. शेजारी कोळशाची खाण खोदली गेली आणि विहीर आटली. गिरणीवाला कोर्टात गेला. कोर्टाने निकाल दिला, की जमीन ज्याची त्याच्याखालचं पाणी त्याचं. त्याने आपल्या हद्दीत खोदलं आणि तुमची विहीर आटली, तर तुमचं नुकसान झालं हे खरं, पण तुमच्यावर अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. बघा हं, नुकसान आहे आणि अन्याय नाही! यामागचा विचार असा, की नदी डोळ्यांना दिसते, तिच्यावर कोणाचा किती हक्क ते ठरवता येतं. भूगर्भातलं पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे कोणालाच कळत नाही. जे कळत नाही त्यावर हक्क कसे ठरवायचे?

हा विचार १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आला आणि १८९१ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. म्हणजे साताऱ्यालाही लागू झाला. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. या कायद्याचं सतरावं कलम वाचण्यासारखं आहे. एखाद्या वाटेवरून तुम्ही वर्षानुवर्षं बिनतक्रार जात असाल, तर वहिवाटीने तुम्हाला तिच्यावर हक्क मिळतो. पण ठराविक प्रवाहाने न वाहणाऱ्या भूगर्भातल्या पाण्यावर असा वहिवाटीचा हक्क मिळत नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे गाव दोनशे वर्षं एका विहिरीचं पाणी पीत असलं, तरी शेजारच्या रानात कोणी खोल खोदून ती आटवली, तर गावाला तक्रारीला जागा नाही. ज्या इलाख्याने पुढे काठ खुला करण्याचा ठराव केला, त्याच इलाख्यात तळ आधीच खासगी होऊन बसला होता.

तरीही पन्नास-साठ वर्षं हे चाललं, कारण बैल होता. मग इंजिन आलं, वीज आली, मोटर आली. मोटर दमत नाही. आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे खडक फोडणारी यंत्रं आली. यातली गंमत अशी, की आपल्या कठीण खडकात ही यंत्रं प्रामुख्याने पिण्याच्या पाण्यासाठी आणली गेली, त्यात युनिसेफची मदत होती. गावोगाव हातपंप बसले. पण जे यंत्र हातपंपासाठी दोनशे फूट जातं, ते उसासाठी, द्राक्षासाठी, डाळिंबासाठीही जातं. तहानेसाठी आलेलं यंत्र पिकाच्या कामाला लागलं.

आपल्या जमिनीखाली काय आहे तेही समजून घेऊ. सातारा-सांगली म्हणजे काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा मुलूख. हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला खडक आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत, फटींत. एकूण खडकाच्या मानाने ही जागा फार थोडी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. तेव्हा पूर्वेकडच्या विहिरीत साठणारं पाणी म्हणजे गरिबाच्या घरातली शिल्लक. दहा जण हात घालायला लागले की संपते. ज्याचा हात लांब, म्हणजे ज्याचं बोअर खोल, त्याला शेवटपर्यंत मिळतं. गावविहीर चाळीस-पन्नास फूट. तिचा हात सगळ्यांत आखूड.

या पार्श्वभूमीवर १९९३ चा कायदा वाचला की त्याचं मोल कळतं. त्याने शंभर वर्षांनी पहिल्यांदा म्हटलं, की पिण्याचं पाणी आधी, बाकीचं नंतर. ५०० मीटरची अट आपण पाहिली. शिवाय जिल्हाधिकाऱ्याने टंचाईक्षेत्र जाहीर केलं, तर सार्वजनिक स्रोतापासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विहिरींच्या उपशावर बंधन घालता येईल, अशीही तरतूद होती. लँकेशायरच्या खाणीपाशी सुरू झालेला विचार इथे थांबला. निदान कागदावर.

कागदावर म्हणायचं कारण असं, की कायद्याची सगळी सूत्रं जिल्ह्याच्या ठिकाणी होती. बोअरची गाडी गावात रात्री येते, सकाळी निघून जाते. तक्रार करायची ती ग्रामपंचायतीने, आणि पंचायतीतले निम्मे सदस्य स्वतः बोअरवाले. आमच्याविरुद्ध कोणी तक्रार केली नाही, कारण आम्ही 'सर' होतो आणि बंधू सोसायटीत होते. खडकाचीही अडचण आहे. भेगा काही वर्तुळात जात नाहीत. सहाशे मीटरवरचं बोअर गावविहिरीचीच भेग पकडेल आणि दोनशे मीटरवरचं पकडणारही नाही. पुढे या कायद्याच्या जागी २००९ चा नवा भूजल कायदा आला आणि १ जून २०१४ पासून लागू झाला. त्याने पाणलोटाच्या पातळीवर विचार केला, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींची वेगळी दखल घेतली, अधिसूचित क्षेत्रातल्या पीकपद्धतीलाही हात घातला. ही दिशा योग्यच आहे. पण नियम पाळायचा कोणी, हा प्रश्न शेवटी गावातच येऊन उभा राहतो.

गावं स्वतः नियम करू शकतात का? करतात. येरळा नदी खटावात उगम पावते आणि सांगलीत कृष्णेला मिळते, म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांना जोडणारी. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांना दिसलं, की ठेकेदार येरळेची वाळू नेत आहेत आणि काठच्या विहिरी आटत आहेत. वाळू म्हणजे नदीचं पाणी धरून ठेवणारा स्पंज. मुक्तिसंघर्ष चळवळीने हा उपसा अडवला. मर्यादित वाळू गावानेच विकली, त्या पैशाला लोकांच्या श्रमाची आणि इतरांच्या मदतीची जोड दिली आणि बळीराजा स्मृती धरण बांधलं. त्यात दोन नियम महत्त्वाचे. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने द्यायचं, भूमिहीनालाही वाटा. आणि या पाण्यावर ऊस नाही. १८८२ च्या कायद्याने पाणी जमिनीला बांधलं होतं, या दोन गावांनी ती गाठ सोडली.

अलीकडचं उदाहरण २०१६ चं. पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. २०१८ मध्ये माण तालुक्यातलं टाकेवाडी. श्रमदानाने पाणी मुरवता येतं हे या गावांनी दाखवून दिलं. पण इथे एक सावधगिरी हवी. पाणी मुरवणं हे पुण्य आहे असं सगळ्यांना वाटतं, त्यासाठी शहरातूनही माणसं कुदळी घेऊन येतात. उपसा आवरणं हे मात्र भांडण आहे. त्यासाठी कोणी येत नाही. ज्या गावात पाण्याची पातळी वाढते आणि उपशाचा नियम नसतो, तिथे वाढलेलं पाणी नव्या बोअरकडे जातं. मुरवायला सगळे, उपसायला मूठभर, असं होऊन बसतं.

आता आमच्या बोअरचं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही प्रश्नोत्तरांत विचारालच. गावविहीर आमच्या एकट्याच्या बोअरमुळे आटली, असं भूवैज्ञानिकसुद्धा सांगणार नाहीत. त्या शिवारात तेव्हा अकरा बोअर होती. पण 'आमच्यामुळे नाही' असंही म्हणता येत नाही. अकरा जणांतला प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि विहीर तर आटलेली असते. नीतिशास्त्रात हा अवघड प्रश्न मानतात. गावात तो अवघड नाही, फक्त नको असलेला आहे. आम्ही बंधूंना म्हणालो, बोअर बंद करू. ते म्हणाले, "दादा, तुम्हाला पेन्शन आहे." याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी एवढं ठरलं, की फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत मोटर फक्त झाडं जगवण्यापुरती चालवायची, डाळिंब निम्मं करायचं. हे ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, आमचं अंतरही सांगितलं. अकरांपैकी तिघे आमच्यामागे आले. तिघेच. गावविहीर आता एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकते. टँकर बंद झालेला नाही, उशिरा येतो.

तेव्हा तुम्हाला एकच काम सांगतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा पिण्याच्या विहिरीपाशी उभे राहा आणि आपल्या घरच्या बोअरकडे चालत जा. साधारण सातशे पावलं म्हणजे ५०० मीटर. त्याआधीच बोअर आलं, तर घरात बसू नका, ग्रामसभेत जा आणि आकडा सांगा. आम्हाला हे करायला फार उशीर झाला.