एकच दारू, चार काडतुसं

शीर्षक वाचून शुक्रवारच्या बैठकीचा विषय असेल असं समजून आलेल्या मंडळींची आधीच माफी मागतो. ही दारू बंदुकीची आहे.

तर मंडळी, अमेरिकेत 'रीलोडिंग' नावाचा एक जुना छंद आहे. गोळी सुटली की पितळेची पुंगळी मागे राहते, आणि काडतुसातला सगळ्यात महाग भाग तोच. मग लोक ती पुंगळी साफ करतात, दाबून पुन्हा मापात आणतात, बुडाची ठिणगी पाडणारी टोपी बदलतात, तराजूवर मोजून दारू भरतात आणि वर नवी गोळी बसवतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे हा प्रकार आपल्या कानावरही फारसा येत नाही. पण या छंदातला एक कायमचा वाद मला फार ओळखीचा वाटला. घरात तीन-चार वेगवेगळ्या रायफली असतील तर प्रत्येकीसाठी दारूचा वेगळा डबा घ्यायचा, की एकाच दारूत सगळं भागवायचं? आमच्या धंद्यात 'चारही प्रोजेक्टना एकच लायब्ररी चालेल का' यावर अर्धा अर्धा दिवस मीटिंगा चालतात. तसंच हे. फरक इतकाच की तिथे उत्तर चुकलं तर डोळा किंवा बोटं जाऊ शकतात.

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, थोडंच.

जुनी काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होऊन उरायचा. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली, आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याकडे तिच्यावर चालणारी लेबेल रायफल आली. ताकद तर वाढलीच, पण खरी गंमत वेगळी होती. या दारूचा दाणा पृष्ठभागावरून आत आत जळत जातो. म्हणजे दाण्याचा आकार, जाडी, त्यातलं भोक आणि वरचा लेप बदलला की जळण्याचा वेग बदलतो. पदार्थ तोच, वेग आपल्या हातात!

ब्रिटिशांनी १८८९ साली आणलेलं कॉर्डाइट हे याचं झकास उदाहरण. त्याचं पीठ भिजवून साच्यातून दोरीसारखं दाबून काढायचे, अगदी सोऱ्यातून शेव पाडतात तसं. .३०३ रायफलीच्या काडतुसात जेमतेम १ मिलिमीटर जाडीची शेव, तर नौदलाच्या अजस्र तोफांसाठी १ सेंटिमीटरहूनही जाड. पीठ एक, ताटली वेगळी. पुणेकरांना सांगायला हरकत नाही की आपल्या खडकीच्या कारखान्यातही (स्थापना १८६९) ब्रिटिश काळात .३०३ची काडतुसं बनत असत.

पण वेग एवढा महत्त्वाचा का? गोळी नळीत पुढे सरकली की तिच्या मागची जागा वाढत जाते. पुंगळी लहान आणि नळी रुंद असेल तर ही जागा झपाट्याने वाढते, तिथे भराभर जळणारी दारू लागते. पुंगळी मोठी आणि नळी अरुंद असेल तर उलट, दारू सावकाश जळली पाहिजे, नाहीतर दाब एकदम चढतो आणि रायफल फुटते. म्हणून एकच दारू सगळीकडे चालणं हे मुळात अवघड आहे. चाललीच तर मधल्या वेगाची चालेल.

अशी मधल्या वेगाची एक दारू इतिहासात आहे. तिचं नाव ४८९५. नावाला फार अर्थ नाही, ड्यूपॉन्ट कंपनीने दिलेला तो नुसता क्रमांक.

ही दारू कुणी 'बहुगुणी' म्हणून बनवली नव्हती, हे आधी लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या हातात एम-१ गॅरँड रायफल होती (सैन्याने ती १९३६ साली स्वीकारली). गोळीच्या मागचा थोडा वायू नळीच्या टोकाजवळून घेऊन ही रायफल स्वतःच पुढचं काडतूस भरते. त्या टोकापाशी दाब किती असावा हे ठरलेलं. दारू फार सावकाश जळली तर तिथे दाब जास्त राहतो आणि आतला दांडा वाकतो. अशा नखरेल यंत्रासाठी, .३०-०६ या एका काडतुसासाठी, १० ग्रॅमच्या आसपासच्या एका ठरावीक गोळीसाठी ४८९५ टनावारी बनली. एक गिऱ्हाईक, एक काम.

मग १९४५ साली युद्ध संपलं आणि दारू उरली.

इथे ब्रूस हॉजडन या माणसाची एंट्री होते. कॅन्ससमधला हा गॅसच्या उपकरणांचा विक्रेता, युद्धात नौदलात होता. पहिल्या महायुद्धानंतर उरलेली दारू सरकारने नष्ट केली हे त्याला माहीत होतं. या वेळी तसं होण्याआधी आपण ती घेऊ, असं त्याने ठरवलं. पैसे? आयुर्विम्यावर कर्ज काढलं. पहिली खरेदी ५०,००० पाउंडांची, म्हणजे साधारण २२-२३ टन! ठेवायला गोदाम नाही, म्हणून मालगाडीचा एक जुना डबा आणून भाड्याच्या कुरणात उभा केला. 'अमेरिकन रायफलमन' मासिकात छोटीशी जाहिरात दिली. बायको आणि दोन मुलं हाताशी. आज ज्याला आपण स्टार्टअप म्हणतो ते १९४०च्या दशकात असं दिसायचं :)

दारू स्वस्त होती, भरपूर होती, आणि युद्धावरून परतलेल्या लाखो माणसांना रायफल चालवता येत होती. त्यांनी ४८९५ आधी .३०-०६मध्ये वापरली. मग कुणाकडे जर्मनीहून आणलेली ८ मिलिमीटरची माउझर होती, कुणाकडे ७ मिलिमीटरची, त्यांत भरून पाहिली. १९५२ साली .३०८ विंचेस्टर आलं, त्यातही ती चपखल बसली. पुढे १९६०च्या दशकात .२२३ रेमिंग्टन आलं, तिथेही चालली. कुठेच सर्वोत्तम नाही, पण बहुतेक ठिकाणी पुरेशी चांगली. वर्गातला तो सगळ्या विषयांत पंचाहत्तर मिळवणारा मुलगा असतो ना, तसं.

माझ्या मते इथे एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ४८९५ बहुगुणी ठरली त्यात रसायनाचा वाटा अर्धाच. ती मधल्या वेगाची होती हे खरं. पण बाकीचं अर्धं काम त्या हजारो लोकांनी केलं, ज्यांनी आपापल्या रायफलीत थोडीशी भरून, टिपणं ठेवून, दाबाच्या खुणा पाहून ती कुठे चालते आणि कुठे नाही याचा नकाशा तयार केला. तो नकाशा पुढे कंपन्यांच्या प्रयोगशाळांनी दाब मोजून पक्का केला आणि पुस्तकांत छापला. आजही रीलोडिंगचा पहिला नियम हाच आहे: छापील आकड्यांच्या तळापासून सुरुवात करायची, आणि दुसऱ्या रायफलीतला आकडा आपल्या रायफलीत आंधळेपणाने वापरायचा नाही.

हा नियम किती गंभीर आहे ते नावाच्या गोंधळावरून कळतं. ४८९५ लोकप्रिय झाल्यावर दोन कंपन्यांच्या डब्यांवर तोच आकडा आला. एक ड्यूपॉन्टच्या परंपरेतली आयएमआर ४८९५, दुसरी हॉजडनची एच ४८९५. सरकारी साठे संपत गेले तशी हॉजडनने आपली दारू नव्याने बनवून घेतली, ती पुढे ऑस्ट्रेलियातल्या मुलवालाच्या कारखान्यात बनू लागली. नंबर एक, स्वभाव जवळचा, पण दारू एक नाही. २००३ साली हॉजडनने आयएमआरचा धंदाच विकत घेतला, म्हणजे दोन्ही डबे एकाच घरात आले. तरीही दोघांचे आकडे पुस्तकात वेगवेगळेच छापतात. हे जुळं भावंडांचं रेशन कार्ड आहे, अदलाबदल चालत नाही.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू, जी वाचताना माझी झोप उडाली.

'अनेक काडतुसांना एकच दारू' हा मोह फक्त छांदिष्टांना नाही, सैन्यालाही होतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजीन स्टोनरच्या रायफलीसाठी (जी पुढे एम-१६ झाली) नवं लहान काडतूस तयार झालं. ते आयएमआर ४४७५ या दारूवर जुळवलेलं होतं. सैन्याला गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ९९० मीटर हवा होता, आणि त्या वेगाला दाबाची मर्यादा सांभाळून ही दारू मोठ्या प्रमाणावर पुरवणं अवघड निघालं. मग १९६४ साली डब्ल्यूसी ८४६ या गोल दाण्याच्या दारूला मंजुरी मिळाली. ती ७.६२ मिलिमीटरच्या मोठ्या काडतुसात आधीपासून वापरात होती. पुरवठा तयार, वेग मिळतोय, दाब मर्यादेत. कागदावर सगळं हिरवं.

पण रायफल जुन्या दारूवर जुळवलेली. नव्या दारूने वायूच्या छिद्रापाशी दाब वाढला आणि मिनिटाला ८५०च्या मर्यादेत असायला हवा तो गोळीबाराचा वेग त्यापुढे, कधी हजाराच्या आसपास जाऊ लागला. भाग झिजू लागले. दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या बारीक नळीत साचू लागला. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला, साफसफाईचं सामानही अपुरं. १९६६-६७मध्ये व्हिएतनामच्या दमट हवेत ऐन लढाईत रिकाम्या पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. सैनिकांनी घरी पत्रं लिहिली, ती अमेरिकी संसदेपर्यंत गेली, आणि १९६७ साली आयकॉर्ड समितीने चौकशी केली.

त्या चौकशीत बाहेर आलेली एक गोष्ट प्रत्येक टेस्टरने भिंतीवर लावावी अशी आहे. नव्या दारूने रायफली कारखान्यातल्या तपासणीत नापास होत होत्या, म्हणून तपासणीसाठी दुसरी दारू भरलेली काडतुसं वापरायला उत्पादकाला परवानगी दिली गेली. युद्धभूमीवर मात्र डब्ल्यूसी ८४६च जात होती. म्हणजे टेस्ट सर्व्हरवर एक व्हर्जन आणि प्रॉडक्शनवर दुसरं. आमच्याकडे असं झालं तर रात्री दोनला फोन येतो. तिथे माणसं मेली.

पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा आला, रायफलीतला बफर बदलला, सफाईचं सामान मिळालं. आणि १९७० साली कॅल्शियम कार्बोनेटची कमाल मर्यादा ०.२५ टक्क्यावर आणली गेली. त्याबरोबर त्या 'एकाच' दारूचे दोन भाग झाले: लहान ५.५६ काडतुसासाठी डब्ल्यूसी ८४४, मोठ्या ७.६२साठी डब्ल्यूसी ८४६. एका दारूत दोन काडतुसं भागवायला निघालेल्या सैन्याला शेवटी दोन डबे ठेवावेच लागले.

मग एकच दारू निवडावी की नाही? माझं मत असं: निवडावी, खुशाल निवडावी. कपाटात चार अर्धवट डबे आणि डोक्यात चार तक्ते असण्यापेक्षा नीट ओळखीची एक दारू सुरक्षित. डबा उचलताना गफलत होण्याची शक्यताही कमी. पण 'चालते' हा शब्द प्रत्येक रायफलीसमोर पुन्हा कमवावा लागतो. हॉजडनच्या गिऱ्हाइकांनी तो एकेका रायफलीत तपासून कमावला, कारण मागे त्यांचाच गाल टेकलेला होता. सैन्यात दारू निवडणारे टेबलामागे होते आणि गाल दुसऱ्याचा होता.

असो. लेख लांबला. बैठकीच्या आशेने आलेले अजून थांबले असतील तर त्यांचे विशेष आभार. पुढच्या शनिवारी भेटूच.