टेप, सीडी, टी-शर्ट : ओपनबीएसडीचा खर्च कोणी भागवला?

शेवटच्या वर्षाचा एखादा गट मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प हाती घेतो आणि सर्व्हरच्या भाड्याचा प्रश्न निघाला की पहिली सूचना ठरलेली असते : टी-शर्ट छापू, स्टिकर विकू. सूचना वाईट नाही, फक्त जुनी आहे. ती कुठवर चालते हे पाहण्यासाठी या टिपणात आपण कॅनडातील कॅलगरी शहरातून चालणाऱ्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचे उदाहरण घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड स्टॉलमन यांनी जानेवारी 1984 मध्ये एमआयटीतील नोकरी सोडली आणि पगार थांबला. 1985 मध्ये ते जीएनयू इमॅक्स हा एडिटर टेपवर भरून 150 डॉलरला विकू लागले. ज्याच्याकडे नेटवर्क होते त्याला तोच एडिटर फुकट उतरवून घेता येत होता, पण नेटवर्क फार थोड्यांकडे होते. ग्राहक पैसे मोजत होता ते टेप भरून पोस्टाने पाठवण्याचे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पुढे ही विक्री आपल्याकडे घेतली. ती टेप कोणी शोभेसाठी घेत नव्हते; सॉफ्टवेअर घरी आणण्याचे ते साधन होते.

ओपनबीएसडीनेही याच वाटेने सुरुवात केली. थिओ डी राट यांनी 1995 मध्ये नेटबीएसडीतून वेगळे होऊन हा प्रकल्प उभा केला. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची हा त्यांचा नेम, त्यामुळे वर्षातून दोनदा नवा सीडी संच विकायला तयार असे. संचात स्टिकर असत, जोडीला टी-शर्ट आणि पोस्टर. काट्यांचा फुगणारा मासा, पफी, हे प्रकल्पाचे बोधचिन्ह झाले. 3.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2001 पासून, आवृत्तीबरोबर खास गाणेही येऊ लागले. गाण्यांत थट्टा असे आणि भांडणेही असत!

कायद्याच्या दृष्टीने इथे एक बारीक गोष्ट आहे, परीक्षेत ती हमखास चुकते. सॉफ्टवेअर बीएसडी परवान्याखाली, म्हणजे कोणीही घ्यावे, बदलावे, विकावे. पण अधिकृत सीडीवरील फाइलींच्या मांडणीचा स्वामित्वहक्क डी राट यांनी स्वतःकडे ठेवला होता. कोड फुकट, तबकडीची हुबेहूब नक्कल मात्र नाही. विक्रीचे उत्पन्न टिकवण्यासाठी ही तजवीज होती. काहींना ती खटकली; मला ती प्रामाणिक वाटते, कारण कोडवर तिचे काहीच बंधन नव्हते.

पैशांची गरज खरी होती. याच गटाने 1999 मध्ये ओपनएसएसएच दिले. तुम्ही दूरच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करता तेव्हा बहुतेक वेळा तेच वापरत असता. मोठमोठ्या कंपन्या ते आपल्या उत्पादनांत घालून विकत होत्या. त्या टी-शर्ट विकत घेत नव्हत्या. 2003 मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने अनुदान मध्येच थांबवले. त्याआधी डी राट यांनी इराक युद्धाविरुद्ध वृत्तपत्रात मत मांडले होते.

दरम्यान घरोघरी ब्रॉडबँड पोहोचत होते आणि सीडीचे मूळ कामच संपत चालले होते. आपल्याकडे हे उशिरा झाले. 2005 नंतरची काही वर्षे उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट येत, आणि एका सीडीवर अख्खे वसतिगृह चाले. त्या सीडींचा खर्च कॅनॉनिकल ही कंपनी सोसत होती. ओपनबीएसडीच्या पाठीशी अशी कंपनी नव्हती. 2006 मध्ये प्रकल्प तोट्यात असल्याचे जाहीर झाले आणि मोझिलाने 10,000 डॉलर दिले. 2007 मध्ये देणग्या घेण्यासाठी ओपनबीएसडी फाउंडेशन स्थापन झाले.

तरी जानेवारी 2014 मध्ये विजेच्या बिलावर गाडी अडली. वेगवेगळ्या बनावटीच्या प्रोसेसरांची जुनी यंत्रे डी राट यांच्या घरी रात्रंदिवस चालत, कारण प्रत्येक यंत्रावर सिस्टीम खरोखर बांधून पाहायची हा प्रकल्पाचा आग्रह. तूट सुमारे 20,000 डॉलरची होती. ती टी-शर्टांनी भरून निघणे अशक्य होते : कापड, छपाई, टपाल आणि न खपलेल्या मापांचा साठा वजा केला की एका शर्टामागे हाती फार थोडे उरते. जाहीर आवाहन झाले आणि देणग्यांनी तूट भरली.

सप्टेंबर 2016 ची 6.0 ही सीडीवर विकली गेलेली शेवटची आवृत्ती. एप्रिल 2017 मध्ये आलेली 6.1 फक्त डाउनलोडसाठी होती. पफी मात्र राहिला. नव्या आवृत्तीसाठी त्याचे नवे चित्र आजही काढले जाते.