लायडनचा शीतकारखाना

पदार्थांच्या अंतरंगाचा ठाव घेणारे आजचे भौतिकशास्त्र ज्या अतिशीत प्रदेशात नित्य वावरते, त्या प्रदेशाचे पहिले ठाणे हॉलंडमधील लायडन या कालव्यांच्या जुन्या नगरात वसले. आणि ते तेथेच वसावे याचे श्रेय एका प्राध्यापकाच्या प्रज्ञेइतकेच त्याने परिश्रमपूर्वक उभ्या केलेल्या कारागिरांच्या परंपरेलाही द्यावे लागते.

हाइके कामरलिंग ओनेस यांची १८८२ साली लायडनच्या विद्यापीठात नेमणूक झाली, तेव्हा वायूंच्या वर्तनाविषयी व्हान डर वाल्स यांनी मांडलेला सिद्धान्त कसोटीला लावावा, आणि ज्ञानाकडे जावयाचे ते मापनाच्याच मार्गाने जावे, असा त्यांचा संकल्प होता. परंतु या कामी लागणाऱ्या दाबाखालील वायूंचे नाव काढताच नगरवासीयांच्या मनात भय उभे राही. कारण १८०७ साली दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन शहराचा जो भाग उद्ध्वस्त झाला होता, त्याच भूमीवर ही प्रयोगशाळा उभी होती. १८९५ मध्ये तक्रार सरकारदरबारी गेली, काम तहकूब झाले, चौकशीसाठी मंडळ नेमले गेले. लंडनचे जेम्स ड्यूअर हे शीतसंशोधनातील ओनेस यांचे प्रतिस्पर्धी. पण त्यांनीही त्यांच्या बाजूने पत्र लिहिले. अखेर परवाना हाती येईपर्यंत १८९८ साल उजाडले, आणि त्याच वर्षी हायड्रोजन द्रवरूप करण्याचा मान ड्यूअर यांनी पटकावला.

ओनेस यांनी मात्र घाई केली नाही. उपकरणे बनविणारे हात विकत मिळत नाहीत, ते घडवावे लागतात, हे ओळखून त्यांनी १९०१ साली त्या विद्येच्या प्रसारासाठी संस्था काढली. तिच्या शाळेतले निळ्या डगल्यांतले उमेदवार प्रयोगशाळेतच काचकाम, धातुकाम आणि नळजोडणी शिकू लागले. खेरीत यान फ्लिम हा यंत्रकुशल आणि ऑस्कर केसेलरिंग हा काचकारागीर यांच्या देखरेखीखाली जी यंत्रमालिका सिद्ध झाली, तिच्यात एका वायूचे द्रव पुढच्या वायूला थंड करी, आणि या पायऱ्यांनी उतरत उतरत शेवटी हेलियमपाशी पोहोचावयाचे होते. तो दुर्मिळ वायू अमेरिकेतील उत्तर कॅरोलायनाच्या मोनाझाइट वाळूतून काढावा लागला. वाळू मिळवून देणारे ओनेस यांचे बंधू अॅमस्टरडॅमला व्यापारविषयक माहितीच्या दप्तराचे प्रमुख होते.

१० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून यंत्रे सुरू झाली. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रव हवा तयार ठेवली होती, दुपारपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन जमा झाला, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास, पात्रावर खालून उजेड टाकून पाहण्याची सूचना एका सहकाऱ्याने केली तेव्हा कोठे, जेमतेम ६० घनसेंटिमीटर द्रव हेलियमचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसला. तापमान होते शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियस.

या शीतात धातूंचे काय होते, हा पुढचा प्रश्न. लॉर्ड केल्विन यांच्या मते अतिशीत अवस्थेत धातूचा विद्युत्‌रोध पुन्हा वाढावयास हवा होता. ओनेस यांची अपेक्षा तो हळूहळू लोपावा अशी होती. पारा ऊर्ध्वपातनाने अत्यंत शुद्ध करता येतो, म्हणून त्याची निवड झाली. ८ एप्रिल १९११ रोजी खिलेस होल्स्ट मापनास बसले असता पाऱ्याचा रोध जवळजवळ नाहीसा झाल्याचे आढळले, आणि पुढील मापनांत तो हळूहळू न लोपता ४.२ केल्विनच्या आसपास एकाएकी कोसळतो असे दिसून आले. केल्विन तर चुकलेच, पण ओनेस यांचेही अनुमान पुरते खरे ठरले नाही. हीच अतिवाहकता, तिची समाधानकारक उपपत्ती १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिली.

१९१३ चे नोबेल पारितोषिक एकट्या ओनेस यांच्या नावे नोंदले गेले आणि ते यथायोग्यच होते. परंतु १९२३ साली टोरोंटोला हेलियम द्रवरूप होईपर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे, जगात दुसऱ्या कोणासही ते साधले नाही, याचे कारण नुसत्या बुद्धीत शोधून सापडणार नाही. सिद्धान्त छापून सर्वत्र पोहोचतात. काच फुंकणारे आणि नळ्या जोडणारे शिक्षित हात ज्याने त्याने आपल्या घरीच तयार करावे लागतात.