पित्याची सैनिकी सेवा आणि पुत्राचे संगीत : चार्ल्स आइव्हजकृत ‘डेकोरेशन डे’

एखाद्या आप्ताच्या युद्धकालीन सेवेचा गौरव करणारे संगीत इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावे? पोवाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. पोवाडा ज्या प्रसंगाचे वर्णन करतो त्याच्याइतकाच, किंबहुना अधिक, तो ज्या काळी गायिला गेला त्या काळाविषयी बोलतो. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्हज (१८७४–१९५४) याच्या ‘डेकोरेशन डे’ या रचनेकडे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

चार्ल्सचा पिता जॉर्ज आइव्हज (१८४५–१८९४) हा कनेटिकट राज्यातील डॅनबरीचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, तो उत्तरेच्या सैन्यातील पहिल्या कनेटिकट अवजड तोफखान्याचा बँडप्रमुख झाला. सैन्यातील बँड ही त्या वेळी निर्विवाद गोष्ट नव्हती. खर्चाच्या भारामुळे जुलै १८६२ मध्ये काँग्रेसने स्वयंसेवक रेजिमेंटांचे बँड रद्द करून ब्रिगेडमागे १६ वादकांना मुभा ठेवली होती. १८६४–६५ च्या पीटर्सबर्ग वेढ्यात हा तोफखाना होता. रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर बसविलेली ‘डिक्टेटर’ ही १३ इंची उखळी तोफ त्याच्याच गोलंदाजांनी चालविली. जॉर्जच्या बँडची लिंकनने ग्रँटपाशी प्रशंसा केली, अशी एक कथा आहे. कॉवेल दांपत्याच्या १९५५ च्या चरित्राने ती सर्वत्र पोहोचविली. ती कौटुंबिक आख्यायिका म्हणूनच वाचावी; आख्यायिकेचेही मोल असते, पण ते पुराव्याचे नव्हे.

आइव्हज घराणे व्यापार आणि बँकव्यवसायातले. युद्धानंतर जॉर्जने गावात बँड चालविले, संगीत शिकविले आणि अखेरच्या वर्षांत घराण्याशी निगडित बँकेत नोकरी केली. चार्ल्स येल विद्यापीठात दाखल झाला आणि थोड्याच आठवड्यांत पिता वारला. अशा घराण्यात वादकाच्या वाट्याला न आलेली प्रतिष्ठा पुत्राने पुढे संगीतातून मिळवून दिली, असे मला वाटते.

‘डेकोरेशन डे’ म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस. १८६८ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जॉन लोगन यांनी त्यासाठी ३० मे ही तारीख ठरविली. १९१२ च्या सुमारास आकारास आलेल्या या रचनेत आइव्हजने बालपणीचा तो दिवस क्रमाने मांडला आहे : पहाटेची शांतता, फुले गोळा करणे, दफनभूमीकडे जाणारी संथ मिरवणूक. तेथे तुतारी ‘टॅप्स’ हे सैनिकांच्या दफनविधीतील सूर वाजविते आणि त्याच वेळी तंतुवाद्यांतून एका स्तोत्राची चाल अस्पष्टपणे ऐकू येते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. दुःख आणि श्रद्धा शेजारी उभी असावीत तसे ते सूर आहेत. मग परतीच्या वाटेवर बँड जोमाने मार्च सुरू करतो.

संशोधकाने थांबावे ते येथे. हा मार्च डेव्हिड वॉलिस रीव्ह्ज (१८३८–१९००) याचा असून तो कनेटिकट नॅशनल गार्डच्या दुसऱ्या रेजिमेंटसाठी रचलेला आहे. तो युद्ध संपल्यावर सुमारे दशकभराने आला. म्हणजे जॉर्जने पीटर्सबर्गच्या छावणीत तो वाजविलेला असणे शक्य नाही. चार्ल्सने ऐकला तो शांततेच्या काळातील गावचा बँड. त्यामुळे ही रचना १८६४ चा पुरावा ठरत नाही. १८८० नंतरच्या दशकात एका लहान गावाने युद्ध कसे आठविले, याचा मात्र ती प्रथम दर्जाचा पुरावा आहे. पित्याची सेवा पुत्रापर्यंत पोहोचली ती रणभूमीवरून नव्हे, दफनभूमीच्या रस्त्यावरून.

मूळ रचना वाद्यवृंदासाठी होती आणि तिचा पहिला प्रयोग १९३१ मध्ये हवाना येथे झाला. पुढे जोनाथन एल्कस यांनी ती मैफलीच्या बँडसाठी रूपांतरित केली, आणि जॉर्जच्या आठवणीतून निघालेले संगीत पुन्हा फुंकवाद्यांकडे आले. मार्च ऐन भरात असतानाच मावळतो आणि आरंभीची शांतता परत येते.