आतून तडकलेली देवी

आज एका मांजराची गोष्ट. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसलेलं, 42 सेंटिमीटर उंचीचं, ब्राँझचं मांजर. वय साधारण 2600 वर्षं. नाव गेयर-अँडरसन कॅट. आधी फोटो शोधा, मग पुढे ऐका.

खरं तर ही बास्टेट देवी. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं बुबास्टिस हे तिचं ठाणं. आधी ती सिंहीण होती, नंतर मांजर झाली. हिरोडोटसने तिच्या जत्रेचं वर्णन केलंय: होड्या भरभरून माणसं, गाणी, टाळ्या, आणि बाकीच्या अख्ख्या वर्षात पीत नाहीत एवढी वाईन! भाविक देवळात ब्राँझच्या मूर्ती वाहायचे. बहुतेक छोट्या, साध्या. हिच्यावर मात्र कुणीतरी सढळ हाताने खर्च केलाय. कानात सोन्याच्या रिंगा, नाकात सोन्याची कडी (नथ म्हणणार होतो, पण ही दोन नाकपुड्यांच्या मधून जाते), छातीवर चांदी जडवून केलेला वाजेत, म्हणजे होरसचा रक्षक डोळा.

घडवायची पद्धत भारी आहे. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, मेणावर सगळं कोरीवकाम, वरून पुन्हा माती. तापवलं की मेण वितळून बाहेर, आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. पण मेण गेल्यावर गाभा हलला तर? म्हणून त्यात धातूच्या पिना खुपसायच्या. एक्सरेमध्ये त्या पिनांच्या खुणा अजून दिसतात. धातू म्हणाल तर सुमारे 85 टक्के तांबं, 13 टक्के कथील, 2 टक्के आर्सेनिक. शेपटीवरच्या पट्ट्यांसाठी तर वेगळ्या मिश्रणाचा धातू वापरलाय, म्हणजे रंग बदलावा म्हणून!

आणि त्याच एक्सरेत दुसरी गोष्ट दिसते. मांजराच्या धडाभोवती जवळजवळ पूर्ण फिरलेला तडा. आतून आधार दिलाय म्हणून डोकं जागेवर आहे. ही दुरुस्ती 1930 च्या दशकातली, आणि करणारा दस्तुरखुद्द मालक: रॉबर्ट ग्रेनव्हिल गेयर-अँडरसन, ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर, कैरोत राहणारा, जुन्या वस्तू स्वतः दुरुस्त करायचा नाद असलेला. आमच्या भाषेत, थेट प्रॉडक्शनवर मारलेला पॅच.

आजचा कुठलाही म्युझियमवाला असं काम घरी करू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तरी मला त्या माणसाचा राग येत नाही. तडकलेली मूर्ती त्याने उभी ठेवली. मला खटकतं ते वेगळंच: काचेपलीकडून बघताना सगळं अखंड वाटतं, आणि आपण ‘काय टिकलंय राव’ म्हणून पुढे जातो. त्यातलं किती टिकलंय आणि किती टिकवलंय, हे तिथेच पाटीवर ठळक लिहायला काय हरकत आहे?

1939 मध्ये त्याने मेरी स्टाउट शॉ यांच्यासह ही मूर्ती म्युझियमला देऊन टाकली. ती तिथे पोचली 1947 मध्ये, तो गेल्यानंतर दोन वर्षांनी. इब्न तुलून मशिदीला लागून असलेलं त्याचं कैरोतलं घर आता म्युझियम आहे. तिथे या मांजराची प्रतिकृती ठेवलीय.