मालागाचा फिदिया

स्पेन म्हटले की आपल्याकडच्या मुस्लिम वाचकाला दोनच नावे आठवतात. कोर्दोबा मशिदीमुळे आणि ग्रानादा अलहंब्रामुळे. आम्हीही तीच दोन नावे मनात घेऊन एका ऑगस्टात सहकुटुंब निघालो होतो. मालागाला उतरलो ते केवळ विमान तिथे जाते म्हणून. दोन दिवस समुद्रकाठी विसावा घ्यायचा, मुलांना पाण्यात डुंबू द्यायचे आणि पुढे ग्रानादाची गाडी धरायची, एवढाच बेत होता. दोनाचे पाच दिवस झाले आणि परतताना मनात घर करून राहिले ते मालागाच.

फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेले हे बंदर अडीच हजार वर्षांहून जुने आहे. टेकडीच्या पायथ्याशी रोमनांचे नाट्यगृह आहे. मातीखाली गडप झालेले हे नाट्यगृह 1951 मध्ये पुन्हा उजेडात आले. त्याच्या लगतच अकराव्या शतकातला मुस्लिम किल्ला चढत जातो. त्याचे नाव अल्काझाबा. हे नाव ऐकून आम्हाला हसू आले. अरबी ‘अल-कसबा’चेच ते स्पॅनिश रूप, आणि आपण तर पुण्यातल्या कसबा पेठेत नि कोकणातल्या कसब्यात लहानाचे मोठे झालेलो. त्याच्याही वर, डोंगरमाथ्यावर, ग्रानादाचा सुलतान पहिला युसुफ याने चौदाव्या शतकात बांधून घेतलेला गिब्रल्फारो किल्ला आहे. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीचे नाव ग्वादालमेदीना, म्हणजे ‘वादी अल-मदीना’, शहराची नदी. माणसे गेली, नावे राहिली.

शहराच्या मधोमध भव्य कॅथेड्रल आहे. 1528 मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि 1782 मध्ये अर्धवट थांबले. दोन मनोऱ्यांपैकी एक अपुरा राहिला म्हणून लोक त्याला लाडाने ‘ला मान्कीता’, म्हणजे एका हाताची बाई, म्हणतात. शहराची जामा मशीद याच जागी होती. ती पाहिलेल्या एका पाहुण्याला आपण चांगले ओळखतो. तो म्हणजे इब्न बतूता. 1342 मध्ये मुहंमद तुघलकाचा वकील म्हणून दिल्ली सोडलेला, आपले दौलताबाद पाहून तिथल्या मराठ्यांविषयी लिहिणारा हा प्रवासी 1350 च्या सुमारास मालागाला आला. इथले अंजीर, बदाम, सोनेरी झिलईची मातीची भांडी आणि मशिदीच्या अंगणातली नारिंगाची उंच झाडे यांची त्याने तोंडभरून स्तुती केली आहे. कॅथेड्रलला लागून आजही नारिंगाची झाडे आहेत. त्यांच्या सावलीत बसून आम्ही मुलांना ही हकीकत सांगितली.

पण इब्न बतूताने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मालागाच्या वाटेवर त्याच्या थोडे पुढे गेलेल्या स्वारांवर समुद्रातून आलेल्या ख्रिस्ती चाच्यांनी हल्ला केला आणि बहुतेकांना कैद करून नेले. इब्न बतूता मागे राहिला म्हणून वाचला. मालागाला पोचल्यावर त्याने पाहिले, की शहराचा काझी आलिमांना आणि प्रतिष्ठित मंडळींना घेऊन जामा मशिदीत बसला आहे आणि त्याच कैद्यांना सोडवण्यासाठी पैसे गोळा करतो आहे. हे वाचले तेव्हा आम्हाला मशिदीच्या कमानींपेक्षा ती वर्गणी अधिक सुंदर वाटली.

त्यानंतर पुरती दीडशे वर्षेही गेली नाहीत, तोच अख्ख्या शहराला सोडवण्याची वेळ आली.

मे 1487 मध्ये फर्नांडोच्या सैन्याने मालागाला वेढा घातला. पुढे राणी इसाबेलाही छावणीत येऊन राहिली. गिब्रल्फारोवर हामेत अल-थग्री नावाचा कडवा किल्लेदार होता. व्यापारी मंडळी बोलणी करा म्हणत होती, तो ऐकत नव्हता. तीन महिने तोफा धडधडल्या. धान्य संपले, लोक घोडी-गाढवे मारून खाऊ लागले. बाहेरून मदत का आली नाही? कारण ग्रानादाच्या राजघराण्यात चुलत्या-पुतण्याची भाऊबंदकी पेटली होती. मालागाने चुलत्याची, म्हणजे अल-झगलची, बाजू घेतली होती. त्याने धाडलेली कुमक पुतण्या बोअब्दिलच्या सैन्याने वाटेतच अडवली, असे त्या काळाचा इतिहास लिहिणारे सांगतात. अखेर 18 ऑगस्टला शहर शरण गेले. किल्ल्यावरचा हामेतही फार काळ टिकला नाही.

शरणागतीला अट मिळाली नाही. अली दोर्दूश या व्यापाऱ्याने वाटाघाटी केल्या. त्याच्यासह थोड्या कुटुंबांना राहू दिले. उरलेले सारे गाव, दहा हजारांहून अधिक माणसे, गुलाम ठरले. सुटायचे तर डोकीमागे 30 सोन्याची नाणी ठराविक मुदतीत भरायची, तीही सर्वांची मिळून. दागदागिने हिशेबात आधीच काढून घेतलेले. रक्कम जमली नाही. मग वाटणी झाली. एक हिस्सा आफ्रिकेतल्या ख्रिस्ती कैद्यांच्या बदल्यात, एक लढणाऱ्यांना, एक राजाच्या खजिन्यात. शंभर जण पोपला नजराणा म्हणून गेले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच दिवशी मालागाच्या कोठड्यांतून कित्येक ख्रिस्ती कैदी बेड्यांसह बाहेर आले. माणसे धरण्याचा आणि विकण्याचा धंदा दोन्ही किनाऱ्यांवर चालत असे. दुःख आपले, म्हणून आपला दोष झाकायचा नसतो.

आम्ही गेलो तेव्हा मालागात ऑगस्टची मोठी जत्रा भरली होती. रस्त्यांवर कागदी कंदील, झालरीचे झगे घातलेल्या मुली, चौकाचौकात गाणे-नाच. आमच्या घरमालकीणबाईंनी कौतुकाने सांगितले, राजाराणी शहरात आले त्या दिवसाची ही जत्रा. त्या बाईंच्या मनात कुणाविषयी किल्मिष नव्हते. ‘उद्या ऊन कमी असेल तर बरे’ म्हणताना त्या ‘ओखाला’ म्हणाल्या. आपल्या ‘इन्शाअल्लाह’च्याच अरबी गोत्रातला हा शब्द, त्यांना बिचारीला ठाऊकही नसावे.

रात्री धाकटीने विचारले, ‘‘अब्बा, त्या लोकांना सोडवायला कुणीच आले नाही?’’

आले होते. पण ते मालागाच्या यहुद्यांना सोडवायला. शहरात सुमारे साडेचारशे यहुदी होते. कॅस्टिलच्या यहुद्यांनी अब्राहाम सेनिओर या आपल्या पुढाऱ्याच्या हस्ते पैसे जमवून त्यांची सुटका केली. पाचच वर्षांनी, 1492 मध्ये, त्या सोडवणाऱ्या समाजालाच धर्मांतर किंवा देशत्याग यांतून एक निवडावे लागले, हे वेगळे. तरी आपली माणसे त्यांनी त्या वेळी सोडवली होती. मालागाच्या मुसलमानांसाठी मात्र मशिदीत वर्गणी करायला काझी उरला नव्हता आणि ज्यांच्याकडे राज्य होते ते एकमेकांचे गळे धरण्यात गुंतले होते. धाकटीला हे सांगताना आमचीच मान खाली गेली.

‘फिदिया’ हा शब्द आपल्या घराघरात आहे. आजारपणामुळे रोजे राहिले की गरिबाला जेवू घालून आपण फिदिया देतो. पण या शब्दाचा मूळ अर्थ कैद्याला सोडवण्याचे मोल असा आहे. जकात कोणाकोणावर खर्च करावी याचे आठ मार्ग कुराणात सांगितले आहेत. त्यांत गुलामांच्या माना मोकळ्या करणे हाही एक मार्ग आहे. आपण तो जुन्या काळाबरोबर संपला असे समजून पान उलटतो. आज बाजारात माणसे विकली जात नाहीत. मात्र जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नाही म्हणून तुरुंगात खितपत पडलेली माणसे आपल्या देशात आहेत. ती सगळ्या धर्मांची आहेत. त्यांच्यासाठी कुठल्या मशिदीत, कुठल्या मोहल्ल्यात वर्गणी होते? अंदलूसच्या वैभवासाठी उसासे टाकणे सोपे आहे. 1350 च्या काझीसारखे बसून चार पैसे गोळा करणे अवघड आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही आतारासानासच्या मंडईत गेलो. ‘दार अस-सिनाआ’, म्हणजे कारखाना, या अरबी शब्दावरून हे नाव आले. चौदाव्या शतकात इथे जहाजांची गोदी होती आणि समुद्र भिंतीला लागत असे. आता समुद्र मागे हटला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी मंडईला गोदीचा जुना संगमरवरी दरवाजा तेवढा जोडून ठेवला आहे. त्यावर ग्रानादाच्या सुलतानांचे ब्रीद कोरले आहे. ‘अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही.’ धाकटीने बोट फिरवत एकेक अक्षर लावले. हारलेल्यांनी कोरलेले हे वाक्य जिंकणाऱ्यांनी पुसले नाही, याचे आम्हाला बरे वाटले. मग त्याच दरवाजातून आत जाऊन आम्ही पावशेर सुके अंजीर घेतले. इब्न बतूताने खोटी स्तुती केली नव्हती.